साळिंदराची नोंद

वनखात्याचा कोरा फॉर्म घेऊन निंभोऱ्याला गेलो.
प्राणी: साळिंदर. आढळ: केळीबाग.
राखणदार धुडकू कोळी म्हणाला, लिखा भाऊ.

लिखा, की साळिंदर जन्मतं ते टक्कल घेऊन.
काटे त्याला लग्नात मिळतात,
सासरकडून, मोजून, पावतीसह.

अमावस्येला ते सगळे उतरवतं,
सुकीच्या पात्रात धुतं
आणि वाळेपर्यंत दगडामागे बसून राहतं.
तेव्हा ओळख दाखवू नये.

त्याला सातापर्यंत मोजता येतं.
म्हणून घडाची आठवी फणी
आजवर कुणाचीच गेली नाही.

मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर गेला
की ते सावलीत जात नाही.
सावलीच धापा टाकत येते
आणि त्याच्या पोटाखाली शिरते.

भरिताची वांगी टोचायला काही सापडेना, तर हाक मारा.
येतं, पाठ करून उभं राहतं.
तेल मात्र वांग्याला लावा, त्याला नको.
मागे आमच्या मेव्हण्यानं लावलं होतं.
मेव्हणा आता सुरतेला असतो.

मी विचारलं, तुम्ही पाहिलंय साळिंदर?
धुडकूनं विळा खाली ठेवला.
"पाहिलं असतं,
तर एवढं ठाऊक असतं का?"

शेवटच्या रकान्यात, 'माहितीची खात्री'पाशी,
माझं पेन संपलं.
त्यानं टोपीतून एक काटा काढला,
काळा-पांढरा, वीतभर.
घ्या, यानं लिखा.
खोटं लिहिलं की टोचतो.

तीन पानं झाली.
अजून टोचलेला नाही.