पंचवीस हजारांच्या आत

पंचवीस हजारांच्या आत,
असं मी वहीत लिहिलं.
खाली जुईने पेन्सिलीने जोडलं:
बंद असली तरी चालेल.

वीस वर्षं मी गाड्या मेल्याचे दाखले देत आलो.
विमा कंपनीचा सर्व्हेअर.
बायपासवर उताणी पडलेली, नाल्यात बुडालेली,
ट्रकखाली निम्मी राहिलेली,
प्रत्येकीचे चार फोटो,
चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची,
आणि शेवटच्या रकान्यात टोटल लॉस.
हात मात्र एकीच्याही आत घातला नाही.
बाह्या पांढऱ्याशुभ्र घेऊन घरी यायचो,
आईला त्याचंच केवढं कौतुक.

मागच्या महिन्यात जुईने विचारलं,
बाबा, प्लग कुठे असतो?
इंजिनात.
इंजिनात कुठे?
मी पोह्यांवर शेव घालत राहिलो.

म्हणून हा रविवार, देवास नाक्यामागचं पटांगण,
आणि राठौरसेठ, कानामागे बिडी.
"भिया, ये देखो, एक हाथ की, डॉक्टर की गाडी है।"
डॉक्टरच्या गाडीचा चटईचा कोपरा जुईने उचलला.
खाली गवत दिसलं.
दुसरीचं तेलाचं झाकण मी उघडलं,
आत ताकासारखा फेस.
हे मला कळतं. मरणाच्या खुणा सगळ्या कळतात.
तिसरी चांगली होती, खरंच चांगली,
पॉवर स्टीअरिंग, काचा बटणावर,
पण बॉनेट उघडलं तर वर काळं प्लास्टिकचं झाकण,
जसं कुणी म्हणतंय, तुमचं इथे काय काम?
"यात हात जात नाही," जुई म्हणाली.
अकरा वर्षांची आहे. हात माझ्या तळव्याएवढाही नाही.

चौथी भिंतीला टेकून उभी होती.
मारुती आठशे, शहाण्णवची, रंग एके काळचा लाल,
मागच्या सीटवर कोंबडीने संसार मांडलेला.
बॉनेट उघडलं आणि खालची जमीन दिसली,
इंजिनाच्या भोवती इतकी मोकळी जागा
की वाटलं काहीतरी चोरीला गेलंय.
नव्हतं गेलं. एवढंच असतं.
तीन प्लग, तीन वायरी, जुईने मोजल्या,
मग मीही मोजल्या, न दाखवता.
"चालू होईल का?"
राठौरसेठने बिडी काढली, परत ठेवली.
"बेटा, झूठ नहीं बोलूँगा।"
ती माझ्याकडे वळली, डोळे असे
जणू सराफ्यात हवं ते दुकान सापडलं.

अठरा हजारांत ठरलं. कोंबडी त्याची.

लोडिंग रिक्षाला दोर बांधून आणली,
मी स्टीअरिंगवर, ब्रेक अर्धाच लागतोय,
शेजारी जुई, मांडीवर पान्यांचा डबा,
खड्ड्याखड्ड्याला डबा वाजतोय.
पाटनीपुऱ्याच्या चौकात एकजण ओरडला,
"काका, भंगार उधर है!"
आम्ही त्याला हात केला.

आरती गॅलरीतून बघत होती.
काही बोलली नाही. जुनी चादर तेवढी खाली टाकली,
झोपायला नाही, गाडीखाली आडवं व्हायला.

संध्याकाळी जुईने वहीचं नवं पान काढलं,
चेसिस नंबरवर ठेवलं, पेन्सिल घासली,
मी शिकवलं नव्हतं, कधी बघितलं असेल.
आकडे उमटले. शेवटचा रकाना मी आखू दिला नाही.

पहिला प्लग सुटला.
काळा, ओला, पेट्रोलच्या वासाचा.
दुसरा जाम. मी जोर लावला, ती म्हणाली थांबा, तेल सोडू.
कुठून कळलं तिला?
सोडलं. वाट बघितली. बाजूच्या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.
मग माझ्या हातून दहा नंबरचा पाना निसटला.
दोघंही कान देऊन उभे.
खाली फरशीवर पडल्याचा आवाज आला नाही.

"आतच आहे कुठेतरी," जुई म्हणाली,
आणि टॉर्च तोंडात धरून
बाहीपर्यंत आत गेली.
मी बाह्या वर केल्या.