डाव्या वळणावर

कोटगिरे मॅडमनी वहीत लिहून आणलं होतं:
औंढ्यापर्यंत कोरडं.
किनवटच्या घाटात पाच थेंब, नंतर धार.
गळतं ते फक्त डाव्या वळणावर.
बत्तीस वर्षं भूगोल शिकवला त्यांनी,
आता ट्रॅव्हलरमध्ये गादी, शेगडी, न्हाणी बसवून
एकट्याच फिरतात.
न्हाणी मीच बसवली होती. दोन वर्षांमागं.

जिलानीचाचा हसले,
पाइप को क्या मालूम, डावा कौन, उजवा कौन.
मी पाठीवर सरकत गाडीखाली गेलो.
वसमत रोडची धूळ, डिझेल,
आणि मधेच ओल्या लाकडाचा वास,
मे महिन्यात परभणीत दुसरीकडं कुठंच नव्हता तो.

घरच्या न्हाणीला एकच उतार,
गवंड्यानं एकदा दिला की जन्मभर पुरतो.
गाडीतल्या न्हाणीचा उतार मुक्कामागणिक बदलतो.
म्हणून आधी संशय तळावरच.
तळात पाणी भरलं, त्यात नीळ कालवली,
खाली चाचांचा उर्दू पेपर अंथरला,
पंप चालू केला,
डाव्या अंगाला जॅक लावून गाडी झुकवली
जशी ती घाटात झुकत असेल.

कागद भिजला.
पण निळा नाही.

म्हणजे अंगावरून गेलेलं पाणी नव्हतं हे,
अंगापर्यंत न पोचलेलं होतं.

भिंत उघडली. आतला प्लाय
चहात विसरलेल्या खारीसारखा
बोटाला येत होता.
त्यातून हळूहळू दिसला स्क्रू,
साबणाच्या फळीचा,
फळीपार, प्लायपार, थेट पाइपात.
डोक्याची खाच झिजलेली.
ओळखला मी. त्या दिवशी सव्वा इंचीची डबी संपलेली,
दुकान जुम्म्याला बंद,
दोन इंची हाताला लागला
आणि मी म्हणालो होतो, चालतंय की.

चाललं पण.
भोक पाडलं त्यानंच, आणि त्यानंच ते
दोन वर्षं बुजवून धरलं.
गंजत गंजत बारीक झाला, तेव्हा कुठं
वळणाला सैल सोडू लागला.

चाचांनी स्क्रूकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं,
काही न बोलता सव्वा इंचीची डबी
माझ्याकडं सरकवली.

पाइप कापला. कपलर, सोल्यूशन, शंभरपर्यंत आकडे.
नवा प्लाय. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून
सिलिकॉनची रेघ कोपऱ्याकोपऱ्यातून ओढली,
एकदाच, न थांबता, थांबलं की गाठ पडते.
मग चोवीस तास पाणी बंद.
निळं पाणी बादलीनं उपसून
गॅरेजमागच्या करंजाला घातलं.

मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीत.
सापडलं का?
सापडलं.
कशानं होतं?
स्क्रू लांब होता, म्हणालो. मग थांबलो. मग म्हणालो,
मीच लावलेला.
त्यांनी वही उघडली, तारीख घातली,
लिहिलं: स्क्रू लांब.
माझं नाव नाही लिहिलं. पानाची कड दुमडली फक्त.
बिलात मजुरी नव्हती, तेही विचारलं नाही.

गाडी निघाली. फाट्यावर डावीकडं वळली.
मी चालत गेलो तिथवर, डांबराकडं बघत.
कोरडं.

रात्री बायको शर्ट धुवायला घेऊन
खिशावरचा तांबडा डाग दाखवते.
कशाचा? स्क्रूचा.
निघायचा नाही हा, नीळ घालून बघू का?
मी माझी बोटं तिच्यापुढं धरतो.
नीळ झाली घालून.