छंद

बियाण्यांच्या कंपनीत मुलाखत होती.
अर्जात 'छंद' असा रकाना,
त्यात मी लिहिलं: घंटा वाजवणे.
समोरचे तिघं एकमेकांकडं बघून हसले.
एकानं विचारलं, "घंटा? म्हणजे काहीच नाही?"

म्हणजे, सर,
इथंच, जालन्यात, मिशनच्या आवारात
एक दगडी चर्च आहे.
मनोऱ्याला बत्तीस पायऱ्या, सतरावी निखळलेली.
पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला
दबोरानं मला वर नेलं.
मी परतूरचा, मला देवळातली घंटा ठाऊक:
हात वर केला, टण्ण, झालं.
ही तशी नव्हती.
हिला दोर, दोराला वजन,
वजनाला स्वतःचं मत.

अहरोनमामा कोपऱ्यात स्टुलावर तंबाखू मळायचे.
"कशाला ओढायलास लेकरा? आडातली बादली हाय का ती?
सोड.
ती वर जाती, तूबी हात वर जाऊ दे,
वळायला लागली की मग सांग तिला."
पहिला महिनाभर तिनं माझं काही ऐकलं नाही.
तळहात सोलले, वर्कशॉपात कानस धरवेना,
सरांना वाटलं, पोरानं कुठंतरी मारामारी केली.

मग एका रविवारी ती आली हातात.
आली म्हणजे काय, ते अजून सांगता येत नाही.
खाली मालधक्क्यावरचे हमाल
दुसऱ्या घंटेला चहा संपवून उठायचे,
त्यांना ती भोंग्याइतकीच कामाची.
दबोरा वहीत लिहायची: वारा, टोले, चूक कोणाची.
चूक बहुतेक माझी.

कोणी गेलं की वयाइतके टोले.
दोन टोल्यांमध्ये सात श्वास, मामांचा हिशोब.

मार्चमध्ये मामाच गेले.
आता किती?
आधार कार्डावर एक जानेवारी, साल पन्नास.
मामी म्हणाल्या, रझाकाराच्या धामधुमीत ते पोटात होते.
थोरली बहीण म्हणाली, पोटात कुठला,
कडेवर घेऊन पळाले मी त्याला, शेंबूड पुसत.
पास्टरांनी रजिस्टर काढलं,
त्या वर्षांची पानं वाळवीच्या पोटात.

आम्ही वर गेलो. स्टूल तसंच,
चुन्याची डबी खिडकीत.
मी दोर धरला. सात श्वास. सोडला.
मला वाटलं, दबोरा मोजतेय.
तिला वाटलं, मी.
ऊन भिंतीवरून खाली उतरलं,
पारवे उडाले, परत आले, परत बसले,
तिच्या मांडीवर वही उघडी, पान कोरं,
आणि आम्ही आपले देतोय टोले.
शेवटी एक पोरगं धापा टाकत वर आलं,
"अरे, लोकं कवाची उभी हायत,
पेटी उचलायची का नाही?"

त्याला खाली पाठवून
आणखी एक दिला.
तो कोणाच्या वयातला, माहीत नाही.

हे एवढं मी त्या तिघांना सांगितलं नाही.
म्हणालो, क्रिकेटही आवडतं, सर.
त्यांनी ते लिहून घेतलं.