बेचाळीस अक्षरं

महापेच्या ऑफिसातून फाइल येते रात्री दहाला.
एका ओळीत बेचाळीस अक्षरं, ओळी दोनच,
वाचणाऱ्याला तीन सेकंद.
एवढ्यात बसवत आणलीयत मी
एका फ्रेंच माणसाची एकतीस वर्षं.

रेमी कोलोंबाँ. पहिल्यांदा दिसला तो
जुन्या पोलिसी मालिकेच्या अठराव्या भागात,
शेवटच्या पाट्यांत, सहायकांतही तिसरा.
चोविसाव्या भागापासून दिग्दर्शक.
इन्स्पेक्टर दार ठोठावतो, बाई म्हणते, मला काही माहीत नाही.
हे वाक्य मराठीत किती वेळा लिहिलं, मोजणं सोडलं.
पण कोलोंबाँच्या भागात इन्स्पेक्टर निघून जातो
आणि कॅमेरा आतच राहतो, बाईपाशी,
दूध वर येईपर्यंत.

मग तीन सिनेमे.
पहिल्याला कसलंसं बक्षीस.
दुसऱ्याचे पैसे मधेच संपले असणार,
सगळा हिवाळा एका खोलीत उरकलाय.
तिसरा कुणी पाहिला नसावा.
त्यानंतर पुन्हा टीव्ही: डॉक्टर, वकील, नाताळचे खास भाग,
नाव तेच, पाटीवर थोडं लहान.

तिसऱ्यावर काम चालू होतं तेव्हा
आश्लेषाचा मेसेज, बारा ते सोळा मिनिटं रिकामी का?
बोलत नाही कुणी, मी कळवलं.
(पैसे बोलण्याचेच मिळतात.)

पहाटे बाबा आले नाइट करून, माइंडस्पेसच्या गेटवरून.
मागे उभे राहिले, बूट न काढता.
पडद्यावर बंदर, राखाडी, माणूस नाही,
धक्क्याला एक नाव.
दिवा कोळीवाड्यातली आमची होरी विकून
सहा वर्षं झाली तेव्हा.

"सुकती लागली," बाबा म्हणाले.
मला तर पाणी हललेलंही दिसलं नव्हतं.
"दोर बग ना. मगाशी सैल व्हता, आता ताटला."
चार मिनिटं आम्ही दोघं दोर बघत राहिलो.
"याला पानी कलतं. करतो काय हा?"

आधी सिनेमे करायचा, म्हटलं.
आता डॉक्टरांच्या मालिका.

"हां," म्हणाले,
गळ्यातली शिट्टी काढून खिळ्याला लावली
आणि तोंड धुवायला गेले.

आज बाविसावा भाग करतेय.
ऑपरेशन संपलंय, नर्स हात धुतेय,
सगळे गेलेत, नळ चालू आहे.
अजून चालू आहे.
मी कीबोर्डवरून हात काढून बसलेय.