गिलाव्याचं पाणी

छातीइतकी होती पुराची रेघ.
इलाही मिस्त्रीनं ती छिन्नीनं सोलून काढली
खालची वीट दिसेपर्यंत,
आणि दिवाळीनंतर नवा गिलावा चढवला.
सात दिवस पाणी मीच मारलं,
शिफ्टला जाण्याआधी एकदा, आल्यावर एकदा,
म्हैस धुवावी तसं, पाइप धरून.

आता पौषातली थंडी.
खिडक्या घट्ट लावून झोपतो आम्ही
आणि पहाटे काचेला घाम.
थेंब थेंबाला मिळून जड होतो,
ॲल्युमिनियमच्या खाचेत तळं साचतं,
गाद्यांच्या मागं तिळाएवढे काळे ठिपके.
उज्ज्वला काच पुसते, माझा जुना बनियन मोरीत पिळते.
बोलत नाही काही.
पण तांदळाचा डबा तिनं पुन्हा माळ्यावर ठेवलाय,
मी पाहिलं.

भिंतीला हात लावतो. गार.
नाक लावतो.
हा वास सिमेंटचा की नदीचा,
उत्तरेश्वर पेठेत नाकालाच विचारावं लागतं.

मिस्त्री आला, बघून हसला.
"खिडकी झाकून निजताय व्हय?
भित्तीनं प्यालंय ते ती सोडणारच की.
वर तुमचा श्वास, भाताची वाफ, दोरीवरची कापडं.
जायचं कुठनं त्या पाण्यानं?"
पाडव्यापर्यंत पुट्टीचं नाव काढू नका म्हणाला.
यल्लाप्पा पेंटर डबे घेऊन आलेला, तसाच परत गेला.
जाताना मिस्त्रीनं वीतभर प्लॅस्टिक भिंतीला लावलं,
चारी कडा टेपनं बंद.
"दोन दिस थांबा.
आतनं पाणी धरलं तर भित्तीचं,
वरनं धरलं तर तुमचं."

मी उद्यमनगरात साचे भरतो.
वाळू मुठीत दाबली की कळतं तिच्यात पाणी किती.
ओल जास्त झाली तर लोखंड पोटात फुगे धरतं,
अख्खा नग भंगारात.
वाळूला मी कधी घाई केली नाही.
घराला केली.

तिसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आत
मोहरीएवढे थेंब.
भिंतीचंच. म्हणजे मीच पाइपानं दिलेलं.
एवढा आनंद झाला की उज्ज्वलाला हाक मारली.
ती हात पुसत आली, बराच वेळ बघत राहिली.
"नदीचं न्हवं?"
"न्हवं," मी म्हटलं.

आता भात शिजताना खिडकी उघडी,
पहाटे दोन्ही काचा सरकवून वारं आत,
गाद्या भिंतीपासून हातभर लांब.
केतकी कानटोपी ओढून, दात वाजवत
सतराचा पाढा म्हणते.
ठिपके घासून काढले. काच निम्मी कोरडी.

डबा अजून माळ्यावरच आहे.