वेगळा तवा

चंद्रिका बाजारातून येते
तेव्हा दिवाळ्यात दुपारचे तीन झालेले असतात.
दाराशीच थांबते. पाटी बाहेर, चपला बाहेर,
साडी मोरीतल्या निळ्या बादलीत.
दोनदा साबण, मग लिंबाची फोड,
नखांच्या कडांना जुना ब्रश.
तोवर दक्षेश आतून
शाळेतलं सगळं ओरडून सांगत असतो
आणि ती तोंडावर पाणी घेता घेता
हूं म्हणत असते.
मग त्याला जवळ घेते.

कोलंबी विकून आमचं घर चालतं
आणि कोलंबी घरात येत नाही.

तीन वर्षांचा होता. मावसभावाची हळद.
कुणीतरी मायेनं चमचाभर रस्सा भरवला.
ओठ सुजले, गळ्यातून शिट्टी यायला लागली,
बँजोच्या त्या दणदणाटात
ती शिट्टी एकट्या चंद्रिकाला ऐकू आली.
पहाटे वाशीच्या दवाखान्यात
डॉक्टरांनी कागद दिला:
कोलंबी, करंदी, जवळा, चिंबोरी, शिवल्या.
औषधांची यादी समजून वाचत होतो,
ती आमच्याच फडताळाची निघाली.

तेव्हापासून रांधणं माझ्याकडे.
मी मसाल्याच्या गाळ्यावर वह्या लिहितो,
माझ्या हाताला लागला तर धण्याचा वास.
जुना बिडाचा तवा सासुरवाडीला पोचवला,
वीस वर्षांचा जवळा मुरला होता त्यात,
घासून जाणार नव्हता.
नवा तवा रुसलेला असतो.
पहिल्या आठ भाकऱ्या त्यानं सोडल्याच नाहीत,
नववी सोडली, तीही तुकड्यांत.

बोंबील, मांदेली चालतात,
पण कोलंबीच्या शेजारी न निजलेली.
सुके बोंबील आणत नाही.
त्यांच्या दातांत हटकून
जवळ्याची एखादी मिशी अडकलेली असते.
गल्लीत जवळा वाळत पडला
की अख्ख्या आळीत
आमचीच एक खिडकी बंद.

आणि वांगं? सुकटीशिवाय वांगं?
खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून
कड काळी होईपर्यंत जाळावर भाजतो,
लसूण सालासकट ठेचतो,
कांदा करपायच्या एक श्वास आधी उतरवतो,
दोन आमसुलं. तिसरं टाकलं की बिघडतं.
शेजारच्या हिराबायनं बोट लावून पाहिलं.
"बरा झालाय र. पन कायतरी इसरलास."
काय ते मला ठाऊक होतं,
तिलाही.

गेल्या वैशाखात दक्षेशनं विचारलं,
"बाबा, कोलंबी कशी लागते?"
हातात उलथनं, तव्यावर भाकरी फुगत आलेली.
गोड, म्हणालो.
"साखरेसारखी?"
नाही.
"मग?"
कोवळ्या ताडगोळ्यासारखी थोडी... पण गरम.
आणि दाताखाली जरा नाही म्हणणारी.
भाकरी तेवढ्यात करपली.

रविवारी बेलापूरच्या नाक्यावरून
डझनभर ताडगोळे आणले.
सोलून आतलं पाणी दक्षेशला पाजलं,
गर चंद्रकोरीसारखा चिरला,
आणि आईनं कोलंबीला घातलं असतं ते सगळं घातलं:
घरचा मसाला, ओलं खोबरं, कैरीची फोड,
वरून कच्च्या तेलाची धार.
वास आला. तोच नाही.
पण त्याच्या घरातलाच कुणीतरी.

चंद्रिकानं पहिला घास घेतला
आणि तिचा अंगठा सवयीनं
नसलेलं कवच शोधत राहिला.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग, "मीठ शेवटी घालत जा. पाणी सुटलंय."

दक्षेशनं वाटी पुसून चाटली.
"आई, खरी कोलंबी अशीच लागते?"

रोज पहाटे चार वाजता धक्क्यावर
बर्फात हात घालून नुसत्या स्पर्शानं
ताजी-शिळी ओळखणारी माझी बायको
माझ्याकडे बघत म्हणाली,
"याच्यापेक्षा जरा कमीच."

आणि तिनं पुन्हा भात वाढून घेतला.