दोन संघ

ट्रॉलरवर चढताना ओड्वार, माझा दीर, एवढंच म्हणाला,
"माझा संघ सांभाळ,"
आणि माझ्या रबरी हातमोज्यावर पासवर्ड लिहून दिला.
पुढचे आठ आठवडे बॅरेंट्स समुद्र.
तिथे इंटरनेट मिळतं ते बोटीच्या कॅप्टनला, हवामानापुरतं.
बाकीच्यांना कॉड, बर्फ आणि शिव्या.

म्हणजे मी आता दोन संघांची धनीण.
माझा 'खारे वारे', त्याचा 'जुना नांगर'.
तीस खेळाडू, दोनशे मिलियनची माया,
आणि यातल्या एकालाही मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही.
उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच,
फक्त उंट म्हणजे बोट्सफ्योरच्या मासळी कारखान्यातलं
पालथं घातलेलं एक प्लास्टिकचं क्रेट.

शनिवारी बाराला मुदत संपते.
साडेअकराला जेवणाची सुट्टी.
सेल्वराणी डब्याच्या आधी फोन उघडते,
खारट बोटांनी बातम्या सरकवते:
"तुझ्या विंगरचं स्कॅन झालं. पोटरी. तीन आठवडे."
"कुठली पोटरी?"
"डावी."
आम्ही दोघी हळहळतो, नात्यातलाच असल्यासारख्या.

परक्या पोरांच्या पोटऱ्या, घोटे, गुडघे आम्हाला तोंडपाठ.
माझं उजवं मनगट रात्री मुंग्या येऊन जागं होतं,
सुरी धरली की अंगठा ऐकत नाही,
पण माझ्या नावापुढे कुणी पिवळा त्रिकोण लावत नाही:
खेळण्याची शक्यता पंच्याहत्तर टक्के.

डिसेंबर. सूर्याच्या नावापुढे लाल खूण,
परतणार जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात.
ओड्वारचा संघ माझ्यापुढे एकतीस गुणांनी,
आणि तिथे नेऊन ठेवला मीच.
त्याच्यासाठी निवडताना माझं डोकं थंड असतं.
स्वतःसाठी निवडताना मी हावरट होते,
चार गुणांचा दंड भरून गेल्या आठवड्याचा हिरो विकत घेते,
आणि माझ्या घरी आला की हिरोला सर्दी होते.

त्या शनिवारी त्याचा कर्णधार जखमी, उपकर्णधारही.
मला काहीच करायचं नव्हतं. नेमकं तेवढंच.
फोन खिशात ठेवायचा आणि वाटाण्याचं सूप प्यायचं.
कोण विचारणार होतं? समुद्र?
सेल्वराणी माझ्याकडे बघत होती की भिंतीवरच्या घड्याळाकडे,
अजून कळलेलं नाही.
अकरा सत्तावन्नला मी कर्णधाराचा पट्टा
एका एकोणीस वर्षांच्या पोराच्या दंडावर बांधला.
मग माझा संघ उघडला,
आणि तिथे घोडं पेंड खाऊ लागलं.
चाक फिरतंय, फिरतंय,
बारा.

त्या पोराने तीन गोल केले.
दुपटीने चौतीस गुण.
माझा कर्णधार घरी बसून होता, बायकोच्या पहिल्या बाळंतपणाला.
त्याचंही बरोबरच.

नाताळाआधी ओड्वार आला, दाढीत मीठ घेऊन.
ओट्यावर हॅलिबटचा हा एवढा तुकडा ठेवला,
आठही आठवडे बोटाने वर-खाली केले,
आणि म्हणाला, "चौदाव्यात गोलकीपर का बदललास?"

मे महिन्यात तो दुसरा आला. मी नऊ जणांत सहावी.
चौथा आला रिमांतास,
जो नोव्हेंबरातच काम सोडून क्लाइपेडाला गेला
आणि मग संघाकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही.
पहिली सेल्वराणी. ती हसलीसुद्धा नाही,
पैसे मोजले, दोनदा.

जूनमध्ये शेवटी मनगट दाखवायला गेले.
डॉक्टर तरुण, नुकतीच ओस्लोहून आलेली.
"कधीपासून हे?"
मी म्हणाले, "अकराव्या आठवड्यापासून."
टाइप करता करता ती थांबली.
छप्पन्न वर्षांची मी,
आणि तिची नजर मनगटावरून हळूच
माझ्या पोटाकडे गेली.